धक्क्यावरची जीप

आमच्या गावातून सोलापूरला जाणारी वडापची जीप चावीनं सुरू होत नाही. प्रवाशांनी उतरून ढकलायची, हा रोजचा शिरस्ता. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्या दिवशी माझी फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि दार एकदा लावलं की आत घेत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

"ओ इंजिनेर, या की खाली," ड्रायव्हर म्हणाला. मी बीएस्सीला आहे, हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

ढकलणं सुरू झालं. म्हणजे मागून आम्ही काही जण ढकलत होतो. बाकीचे बाजूनं जीपला नुसता हात लावून चालत होते आणि "हुंऽ हुंऽ" मात्र आमच्यापेक्षा मोठ्यानं करत होते. पुढच्या सीटवर कडक इस्त्रीतले एक वजनदार काका बसूनच होते. खिडकीतून हात काढून ते दार बडवत होते, "जोर लावा, जोर!"

जीप गचका खाऊन थांबली.

"वेग कमी पडला. आता डब्बल पळवा," ड्रायव्हर म्हणाला.

वेग दुप्पट म्हणजे गतिज ऊर्जा चौपट, आणि तेवढं काम आमच्याच खांद्यांनी करायचं. मी चाचरत काकांपाशी गेलो. "काका, तुमी उतरला तर तेवढ्याच जोरात जीप जास्त पळंल. वस्तुमान कमी होतंय."

"आन् ही सीट कोण धरणार? तू व्हय?" काका म्हणाले. "लई शिकलास की रं! ढकल आधी."

सगळे हसले. हात लावणारे जरा जास्तच.

अखेर जीप सुरू झाली. थांबवली की पुन्हा बंद पडते, म्हणून ड्रायव्हर थांबवत नाही. पळत जाऊन चढायचं. बाजूनं चालणारे दारापाशीच होते, ते पटापट आत बसले. मला मागच्या शिडीला लोंबकळायला मिळालं.

सोलापुरात सात रस्ता चौकात उतरून कॉलेजकडे धावत सुटलो. शिपाई दार लावतच होता, तेवढ्यात आत शिरलो.

"हात कशानं काळे?" परीक्षकांनी विचारलं.

"जीप ढकलली, सर."

"मग कार्य-ऊर्जा प्रमेयच सांग."

"निव्वळ बलानं केलेलं कार्य म्हणजे गतिज ऊर्जेतला बदल, सर."

"आणि कुणी जीपच्या आत बसून जोर लावला तर?"

"गतिज ऊर्जा वाढत नाही, सर," मी म्हणालो. थांबायला हवं होतं. "फक्त सीट टिकते."