पडवीभोवतीची तुटक रेघ

स्पर्धा म्हटली की मला राहवत नाही. आर्किटेक्चरला गेल्यापासून एकही सोडलेली नाही. कॉलेजातल्या मॅडम म्हणतात, आधी माणसं बघ, मग भिंती काढ. मी म्हणायचे, माणसं आली की भिंती बिघडतात! कुणाला देवघर पूर्वेलाच हवं, कुणाला संडास लांब हवा, आणि दारात चपलांचा ढीग. स्पर्धेत ही कटकट नाही. तिथे कुणी राहायला येत नाही. परीक्षक येतात, घटकाभर बघतात, पुढे जातात. हे मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात बोललेय, आता आठवलं की कान तापतात.

यंदाचा विषय होता समुद्रकाठचं घर, चौघांच्या कुटुंबाचं. आईबाप आणि दोन मुलं. जागा आपली आपण निवडायची होती. म्हटलं, लांब कशाला जा? घिवलीला आमचंच घर आहे, मागे चिकूची वाडी, तिच्यापलीकडे सुरूची झाडं आणि समुद्र. आम्हीही चौघंच. आई, बाबा, मी आणि भाऊ. आणि आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती मागच्या पडवीत राहिली, माझ्या जन्माच्याही आधीपासून. तिथे तिची चूल, तिची ट्रंक, तिचा देव्हारा. घरातून पडवीत जायला दार नाही, विहिरीकडून वळसा घ्यावा लागतो. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मी मापं घ्यायला गेले तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला तीच आली, पदर खोचून. कुंपणावरून शेजारणीला तिने ओरडून सांगितलंसुद्धा, "आमची बाय घर बांदतेय!"

मी तडकले. "अगं, बांधत नाहीये. स्पर्धा आहे. नुसता कागद."

"कागद तर कागद. पयला कागदच लागतो. माजी पडवी कुटं येते यात?"

"येईल गं. तू टेप ताणून धर आधी."

पडवी आली, पण तुटक रेघेत. आमच्या नकाशांत नवी भिंत सलग रेघेने काढतात आणि जे पाडायचं ते तुटक रेघेने दाखवतात. नव्या घराचं अंगण नेमकं तिथेच पडत होतं. समुद्राचा वारा घरातून आरपार जायचा तर पडवी जायलाच हवी होती. मला काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर ती रेघ मारताना बरंच वाटलं, नकाशा मोकळा झाला म्हणून. अंगण ओकंबोकं दिसू नये म्हणून नेटवरून उचललेली माणसं डकवली. टोपी घातलेली एक बाई, फुगा धरलेली एक पोर.

दुसरं बक्षीस मिळालं. बाबांना कोण आनंद! ते तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्ट करतात, तिथे त्यांनी पेढे वाटले. म्हणाले, मोठं छापून आणू, ओटीवर लावू. बोईसरच्या छपाईवाल्याने पडद्यावर बघून विचारलं, "मैडम, ये टूटी हुई लाइन फीकी आएगी. डार्क कर दूँ?"

मी म्हटलं, "कर दो."

रविवारी शेजारपाजारचे बघायला आले. आत्या चहा घेऊन आली आणि चित्रापाशी थांबली. "ही टोपीवाली कोन गं?" सगळे हसले. मग तिने विहिरीवर बोट ठेवलं, हळूहळू सरकवत आणलं, आणि स्वतःच्या पडवीच्या जागेवर थांबवलं. "आनि ही अशी तुटकी रेग कशाला?"

गप्प बसावं की नाही! पण चारचौघांत शहाणपण पाजळायची सवय. "तुटक म्हणजे पाडायचं, आत्या," मी मास्तरणीसारखी म्हणाले. बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. आईने मान खाली घातली. बाबा बशीतला चहा फुंकत राहिले.

"हां," आत्या म्हणाली, आणि रिकामे कप गोळा करायला लागली.

पुढच्या शनिवारी हॉस्टेलवरून घरी आले तर पडवीच्या दारात ट्रंक, दोरीने बांधलेली. आई कुजबुजली, "दातिवऱ्याच्या मावसबहिणीला फोन लावला होता त्यांनी. तिकडे येऊ का म्हणून विचारत होत्या." मी तशीच पडवीत आत्याकडे धावले.

"वेड लागलंय का तुला? ते घर कुणी बांधणार नाहीये! खोटं आहे ते सगळं!"

"मला ठावं हाय. तुज्या बापानं सांगितलं, बांदनार नाय."

"मग ही ट्रंक कशाला?"

तिने दोरीची गाठ चाचपून बघितली. चिडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी सहन केलं असतं.

"कागदावर तर जागा फुकट होती ना, बाय? तितं पन तुला मी नको झाले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय बोलणार होते? वारा यायला हवा होता म्हणून? मी खाली बसले आणि ट्रंकेची दोरी सोडायला लागले. तिने माझा हात बाजूला केला आणि गाठ पुन्हा आवळली.