पट्ट्यांचं अंगण

सांगलीतल्या एका धर्मार्थ दवाखान्यात हरणाबाई पट्ट्या धुवायची. मूळची तासगावकडच्या खेड्यातली. नवरा गेल्यावर पोटासाठी इथं आली आणि इथलीच झाली. उंच, काटक बाई. स्वच्छतेचं असं वेड, की वॉर्डात कुणी पचकन थुंकला तर त्याच्याच हातात फडकं द्यायची.

दुसरी मोठी लढाई चालू होती. नवं जाळीचं कापड मिळेना, रॉकेल तर डोळ्यांनी दिसेना. जंतू मारायचा वाफेचा डबा ऑपरेशनच्या दिवशीच पेटायचा. बाकीच्या पट्ट्या रक्तापुवासकट हरणाबाईकडं यायच्या. ती त्या सोड्यात धुवायची, हंड्यात रटरटून उकळायची, मागल्या अंगणात वाळवून, गुंडाळून कपाटात ठेवायची. त्याच पुन्हा जखमेवर जायच्या.

"हरणाबाई, आमाला बी एकदा हंड्यात घाला की," कोंडीबा म्हणायचा. गुळाच्या बाजारातला हा हमाल, हर्निया कापून घेऊन पडला होता. "पाप तरी निघंल."

"तुझ्या पापाला हंडा पुरायचा न्हाई. आडातच सोडाय पायजे तुला."

"मग आडाचं पानी कोन पील वं?"

सगळा वॉर्ड हसायचा.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी कोंडीबाला भाकरी चावेना. संध्याकाळपर्यंत जबडा आवळला. दार लागल्याच्या आवाजानंही त्याची पाठ कमानीसारखी उचलायची, नुसतं डोकं आणि टाचा टेकलेल्या. शुद्ध मात्र शाबूत. डोळे हरणाबाईकडं लागलेले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

डॉक्टर अनंत लेल्यांनी टाके घालायचा सगळा दोरा जाळून टाकला. त्यातूनच धनुर्वात आला असावा, असं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात हरणाबाईची लेक चंद्रा बाळंतपणाला आली. तिची आधीची दोन्ही पोरं सासरी, खेड्यात, सातव्या दिवशी गेली होती. पोर दूध ओढेनासं व्हायचं, मग अंग ताठ. सटवीनं नेलं, असं सगळे म्हणाले. तवाच हरणाबाईनं ठरवलं होतं, की तिसरं दवाखान्यात. जावई अर्जुना पलटणीत, त्याला विचारायलाही कुणी थांबलं नाही. मुलगा झाला. शरयू नर्सनं बेंबीवर कपाटातली धुवट पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात आणखी एकीचा जबडा आवळला. छातीवरचं गळू कापलेली बाई. डॉक्टरांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"या बाईला टाका घातलाच नव्हता. म्हणजे दोरा नव्हे. हा जंतू शेणात असतो. गायीच्या, घोड्याच्या पोटातून शेणात, शेणातून मातीत, मातीतून जखमेत. साध्या उकळण्यानं तो मरेलच असं नाही. मला एवढंच सांगा, जखमेपर्यंत शेण आलं कुठून?"

हरणाबाईनं वळून मागल्या अंगणाकडं बघितलं.

आधी ती पट्ट्या दोरीवर घालायची. पण वाऱ्यानं धुरळा बसायचा, कावळे घाण करायचे. म्हणून दोन महिन्यांपासून ती भल्या सकाळी दवाखान्याच्या गायीचं ताजं शेण घेऊन अंगण सारवायची आणि पट्ट्या त्यावर पसरायची. देवाचा नैवेद्य सारवलेल्या जागेवरच ठेवतात, त्याहून स्वच्छ जागा कुठली असणार? डॉक्टरच एकदा जाता जाता म्हणाले होते, "वा, अंगण कसं आरशासारखं ठेवलंय."

बोलावं, तर कोंडीबाचं मरण आपल्या माथी. न बोलावं, तर आत चंद्राचं पोर. त्याच्या बेंबीवर तीच पट्टी.

"डॉक्टरसाब, शेन म्या आनलं," ती म्हणाली.

ती पुढं झाली, डॉक्टर मागून आले. अंगणात पांढऱ्या पट्ट्यांच्या ओळी वाळत पडल्या होत्या. डॉक्टरांनी एक उचलली. उलट्या बाजूला हिरवट कण चिकटले होते.

"मी रोज इथून जातो," ते स्वतःशीच म्हणाले. "आमची आईपण असंच सारवते."

"माझ्या लेकीच्या पोराला हीच बांधलीया वं."

डॉक्टर धावले. पट्टी काढली, बेंबी पुन्हा पुन्हा धुतली, वाफेच्या डब्यातलं कापड बांधलं. धनुर्वाताचं विष मारणाऱ्या सीरमच्या दोनच कुप्या होत्या. एक त्या बाईला सकाळीच टोचलेली, दुसरी पोराला.

"लागू पडंल?"

"सांगता येत नाही. आठ-दहा दिवस जाऊ देत. दूध ओढतोय तोवर भ्यायचं नाही."

दूध ओढतोय तोवर. हरणाबाई डॉक्टरांकडं बघत राहिली. "आवं, आमच्याकडं सुईन बेंबीला शेनाची राख लावती. आधीची दोन बी ह्यानंच..."



त्या दिवसापासून ती खोलीच्या आत गेली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहायची, घटकेघटकेला विचारायची, "पितंय का?"

"पितंय, आय. आत ये की."

"नगं. माझ्या हाताला हाय ते."

नळाखाली हात घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली. गळूवाली बाई पाचव्या दिवशी गेली. पट्ट्या आता दोन वेळा उकळून, दोरीवर, वर कापड ताणून वाळत होत्या आणि रॉकेल मिळेल तसं वाफेच्या डब्यात जात होत्या. हरणाबाई ते सगळं करायची, पण कान खोलीकडं.

पोराच्या सातव्या दिवशी सकाळी ते रडत होतं. चंद्रानं छातीशी धरलं. त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवलं.

"पितंय का?"

चंद्रानं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"चंद्रे, पितंय का म्हनते मी?"

"न्हाई गं."

हरणाबाईनं चौकट धरली नाही, भिंत धरली नाही. कशाला हात लावावा हेच तिला कळेना. आत शरयू नर्सनं पोराचं चोंदलेलं नाक ओल्या बोळ्यानं साफ केलं, हनुवटी हलवून बघितली. पोर जोरानं शिंकलं. चंद्रानं त्याला पुन्हा छातीशी घेतलं.

"आय," चंद्रा म्हणाली, "लय जोरात ओढतंय गं. दुखतंय."

हरणाबाई उंबऱ्याबाहेर मटकन बसली. सोललेले दोन्ही हात तिनं तसेच हवेत धरून ठेवले होते.

पुढं अकरा वर्षं ती त्याच दवाखान्यात राहिली. नातू शाळेत जाऊ लागला. पण वॉर्डात कुणी साधी जांभई दिली, तरी हातातलं काम सोडून ती त्याच्या जबड्याकडं बघत उभी राहायची, तोंड पुरतं मिटेपर्यंत.