भावाचीच मुलगी का मागितली

ही गोष्ट नवऱ्याला कळली नाही आणि तो गेला. मुलाला ठाऊक नाही, सुनेला तर नाहीच. तुम्हाला सांगते. घरच्यांना सोडून तुम्हाला सांगणं — हाही भित्रेपणाच ना? असेल.

मी चौथी शिकलेली बाई. नवरा रेल्वेत होता, घर तिकडे हिंदी मुलखात, गुढियारीत. पहिला मुलगा राजू. त्याची बोटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे, हाडं दुखतात म्हणून ओरडायचा. नुकता शाळेत जायला लागला होता, तेव्हा गेला. तो दवाखान्यात असताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. नवरा ड्यूटीवर होता. त्या म्हणाल्या, हे सिकलिन आहे, रक्तातला रोग. आईबाप दोघांच्याही रक्तात असला की लेकराला होतो. धाकट्याचं लग्न कराल तेव्हा आधी मुलीचं रक्त तपासा, आणि नात्यातली तर करूच नका. — माझ्यासारखीला समजेल असंच त्या बोलल्या. म्हणून समजलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

घरी सांगितलं, कावीळ झाली आहे.

धाकटा दिलीप लग्नाचा झाला. बाहेरचं स्थळ म्हणजे चौकशी. लोक पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, फिरतात, पानठेल्यावर विचारतात, घरात कोणाला काही दुखणं? आमच्या पाऱ्यातल्या बायांनी राजूची बोटं पाहिली होती. आणि आमच्यात मामाची मुलगी करतात. मग मी भंडाऱ्याला भावाकडे गेले आणि त्याची वंदना मागितली. वहिनी तेवढी म्हणाली, "बाई, राजूले काय झालतं?" भाऊ तिच्यावरच खेकसला, "काहून विचारून राहिली वं? बहीण हाय माही! पोलीस हायेस काय?" सगळे हसले. मीही हसले.

समजतंय ना? भावावर माया म्हणून नाही. तो विचारणार नाही म्हणून.

नात झाली, पूजा. वर्षाची व्हायच्या आत बोटं सुजली. मी पाहिली आणि मला कळलं. तरी मीठ-मिरच्या ओवाळत बसले. — कोणाला फसवत होते? शेवटी रक्त तपासलं. वंदना दवाखान्यातून आली आणि पोरीला मांडीवर घेऊन दारातच बसली.

"आत्याबाई, डॉक्टर म्हन्ते मायबाप दोघांकडून येते. आपल्यात कोनाले होतं काय?"

तेव्हा बोलायचं होतं. मी बोलले — पण काय? म्हटलं, "दिलीपले त्याच्या बापाकडून आलं असन. तुले तुह्या मायकडून. माह्या माहेरी कोनालेच नाही." एक मेलेला, एक परक्या घरची. माझ्या माहेराला, मला, डाग नको.

वंदनाने आईला फोन लावला. "तुले मालूम होतं, माय. तू लपवलं." वहिनी पोरीची शपथ घेत राहिली. मायलेकींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढे वहिनी आजारी पडली, भावाचा निरोप आला, एकदा येऊन जा म्हणून. वंदना गेली नाही. मी जा म्हटलं नाही. का? दोघी समोरासमोर बसल्या असत्या तर राजूचं नाव निघालं असतं. वहिनी गेली, तेव्हा आम्ही मातीला गेलो. वंदना रडली नाही. लोक म्हणाले, कशी दगड पोरगी आहे. मी बाजूलाच उभी होते.

पूजा आता कॉलेजात जाते. बरी असते तेव्हा जाते. दुखणं उठलं की म्हणते, "दादी, पैर दबा दो ना," आणि मी दाबते. त्याने काही फिटत नाही.

परवा भाजी निवडता निवडता वंदना म्हणाली, "आत्याबाई, मायनं खरं सांगितलं असतं तं माह्या पोरीच्या नशिबी हे नसतं."

मी म्हटलं, "हव."