स्लॅबचा आवाज

सावित्री नदीचं पाणी दर पावसाळ्यात भाड्याच्या खोलीत शिरायचं. महाडबाहेर माळावर प्लॉट पाडताहेत म्हटल्यावर महरुन्निसाने पाटल्या मोडून एक घेतला. नवरा युसुफ कुवेतला. त्याने आवाज भरून कॅसेट पाठवली, "मी येईपर्यंत एक वीट रचू नको. घर बांधणं बायकांचं काम नाय."

काम नाय म्हणे! खोलीतला चिखल उपसायला हा कुठे होता? तिने पदर खोचला, गवंडी बोलावला, भिंतींवर स्वतः पाणी मारलं.

स्लॅबच्या दिवशी टेपरेकॉर्डर वाळूवर ठेवला आणि त्याचा हुकूम पुसून त्याच कॅसेटवर फावड्यांची खरखर, घमेल्यांचा खणखणाट, गड्यांचा आरडाओरडा सगळं भरून घेतलं. शेवटी एवढंच बोलली, "ऐकलंत? घर उभं हाय. याल तेव्हा दार वाजवा."