सगळ्या पेशंट ‘हो’ म्हणतात तेव्हा

“मॅडम, यहाँ सबको सब कुछ होता है.” डॉ. अनितांनी पेन टेबलावर टाकलं. “बुखार? हो. चक्कर? हो. पेटदर्द? हो. ऐसे में कोई सच में बीमार औरत मेरे हाथ से निकल जाएगी.”

डॉक्टर केरळच्या, गोंदिया जिल्ह्यात बोदलकसाकडच्या एका आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्या. बाहेरून आलेल्यांना मराठी शिकवणं हे माझं काम. कुडव्याहून स्कूटीने जायचं, ओपीडी संपली की शिकवायचं. आमच्या कोर्समध्ये ‘हो-नाही’चे प्रश्न आधी येतात, कारण शिकणाऱ्याला उत्तर लगेच कळतं. ‘ताप येतो का?’, ‘पोट दुखतं का?’ डॉक्टरांनी ते पटापट उचलले होते. उच्चारही झकास. तरी ही रड.

दुसऱ्या दिवशी मी ओपीडीतच जाऊन बसले. सगुणाबाई धानाच्या बांधीतून थेट आल्या होत्या, पायाला चिखल तसाच. डॉक्टर विचारत गेल्या आणि सगुणाबाई प्रत्येक प्रश्नाला “हो जी” म्हणत गेल्या. गोळ्या घेऊन निघाल्या तशी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

“बाई, खरंच चक्कर येते तुम्हाला?”

“नाही येत.”

“मग हो काऊन म्हटलं?”

“एवढ्या दुरून आली ते पोरगी. आपली बोली बोलून राहिली. तिले नाही नाही म्हनून कायले नाराज करू?”

धानाची रोवणी खोळंबली होती, त्या तरातरा निघूनही गेल्या. मला हसू आलं आणि धसकाही बसला. घरी आलेल्या पाहुणीचं मन राखावं तसं सगळ्याजणी डॉक्टरांचं मन राखत होत्या.

मी कोर्स ठरवणाऱ्या आमच्या सरांना फोन केला. “क्रम बदलते आहे. ‘काय होऊन राहिलं?’ आधी घेते.”

“तो पुढचा धडा आहे. पेशंट भडाभडा बोलेल, मॅडमना ओ का ठो कळणार नाही.”

“म्हणून आधी फक्त ऐकायला शिकवते.”

“कोर्स ठरलेला आहे.”

“पेशंटला कुठे माहीत आहे?” म्हणून मी फोन ठेवला. सरांशी असंच बोलावं लागतं.

नवी भाषा आधी कानात मुरते, मग तोंडात येते. आम्ही त्याला इनपुट म्हणतो. मी केंद्रातल्या आशासेविका ताईंना डॉक्टरांसमोर बसवलं. त्या इथल्या झाडीबोलीत दुखणी सांगायच्या आणि डॉक्टरांनी तोंड न उघडता आपल्याच अंगावर ती जागा दाखवायची. सुरुवातीला गुडघ्याऐवजी कोपर व्हायचं. डॉक्टर वैतागल्या, पण मी बोलू दिलं नाही. कान तयार झाल्यावरच प्रश्न दिले: काय होऊन राहिलं, कुठं ते हात ठेवून दाखवा, कवापासून.

सगुणाबाई पुन्हा आल्या तेव्हा मी तिथेच होते. डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवून विचारलं, “काय होऊन राहिलं, बाई?”

सगुणाबाईंनी दाराकडे पाहिलं. मग पदराआड छातीवर हात ठेवला. “इथी गाठ हाये जी. दुखत नाही.”

डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच दिवशी गोंदियाला पाठवलं. गाठ वाईट निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं. कापणीच्या सुमारास सगुणाबाई स्वतःच्या पायाने केंद्रात आल्या, तेव्हा मला भरून आलं.

डॉक्टर मात्र आता चांगल्याच सरावल्या होत्या. त्यांनी दटावलं, “पहिल्यांदा आला तेव्हाच काऊन नाही सांगितलं?”

“तू इचारलंच कुठी?” सगुणाबाई म्हणाल्या.

सोपं आधी शिकवावं, हे खरंच. पण ते कोणाला सोपं, हे वर्गाबाहेर जाऊन पाहावं लागतं.