घड आणि बाळी

गंधकाचा वास आला की मला माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेचा दिवस आठवतो. वडील निफाडच्या द्राक्षबागेत गंधक धुरळून तसेच नाशिकला आले होते आणि त्यांच्या सदऱ्याच्या वासाची लाज वाटून मी त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं. माझा विषय आतड्याच्या अस्तराचा. ते दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, आणि त्यातली नवी पेशी अन्न शोषणारी होणार की बुळबुळीत स्राव करणारी, हे ती स्वतः ऊर्जा कशी मिळवते यावरही ठरतं, असं मी तासभर सांगत होते. शेवटी अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाहेरच्या सामोशांकडे असतं. वडिलांनी हात वर केला. "आमच्या वेलीच्या डोळ्यात, कोंब फुटायच्या आधीच, घड धरतो. त्याला खायला कमी पडलं तर तो जिरतो, न् तिथं नुसती बाळी निघती, तारेला धरून राहणारी. मग कितीबी खत घाला, घड काय येत नाय. तुझ्या पेशीला मागनं पोटभर मिळालं, तर ती परत फिरती का?" बाहेरगावच्या परीक्षकांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. "हे मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. मी ते तपासलं नव्हतं, आणि तसं कबूल केलं. आज माझी प्रयोगशाळा त्याच प्रश्नावर चालते. तो सुचला कसा असं कुणी विचारलं, की मी टेबलावरची वाळलेली बाळी विचारणाऱ्याच्या हातात देते आणि म्हणते, मला नाही सुचला, माझ्या वडिलांना सुचला.