सुरगाठ, निरगाठ आणि बोरसे सर

मला दोनदा नापास करणारा माणूस आज सकाळी गेला.

बोरसे सर. धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात आम्हाला झूऑलॉजी शिकवायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

तिसऱ्यांदा आपटलो असतो, तर माझे वडील, आबा, मला रावेरला मामांकडे केळीचे ट्रक भरायला धाडणार होते. अगदी ठरलेलं.

आबांचा एक ठाम समज होता. मास्तर मांडे खाल्ले की विरघळतो.

म्हणून त्यांनी सरांना गावच्या बारागाड्यांना बोलावलं. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, माणसांनी खच्चून भरलेल्या, आणि देवाचा भगत एकटा त्या ओढणार.

गाड्या एकमेकींना बांधायचा मान आमच्या घराचा. त्या वर्षी तो मला मिळाला.

सरांना बसवलं सातव्या गाडीत. भगताने जोर लावला.

सहा गाड्या गेल्या.

सर तिथेच.

"आबा, पाव्हना मांगेच राह्यना!" कोणीतरी ओरडलं. अख्खं गाव खो खो हसलं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिथूनच रावेर दिसायला लागलं.

सर उतरले. वाकून जोड बघायला लागले. मी घाईत तिथे सुरगाठ मारली होती, ओढली की सुटणारी. बाकीच्या निरगाठी ताणाने अशा आवळलेल्या, की नखसुद्धा शिरेना.

"अरे गाढवा!" सर आनंदाने ओरडले. "पेशींचं असंच असणार! शेजारच्या पेशीला धरून ठेवणारी प्रथिनं असतात ना? ताण आला की काही सुटत असतील, काही उलट जास्त घट्ट धरत असतील!"

भगत घामाघूम उभा, आणि यांचं लेक्चर चालू.

पुढे व्हायवाला एक्स्टर्नलनी नेमकं तेच विचारलं. पेशी ओढल्या तर त्यांच्यातल्या जोडांचं काय होतं?

मी दिली निरगाठ ठोकून.

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

मी सरांकडे पाहिलं.

शेजारून सर म्हणाले, "पुस्तकात नाही अजून. मी शिकवलंय. चूक वाटत असेल तर मार्क माझे कापा."

काठावर पास झालो. बाहेर येऊन ढसाढसा रडलो, खोटं कशाला सांगू.

परवा मुलीचं कॉलेजचं पुस्तक चाळत होतो. त्यात छापलंय, ताण दिला की पेशींमधले काही जोड जास्त घट्ट धरतात. प्रयोग करून बघितलंय लोकांनी.

रविवारी ते पान दाखवायला सरांकडे जाणार होतो.

आज शुक्रवार.

सर, तुमचं बरोबर होतं हो. सुखाने जा.